गर्भ भलत्याच जागी रुजला तर

अस्थानिक गर्भांपैकी ९० टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेत रुजतात. उरलेले सिझेरियनच्या व्रणात, गर्भाशयमुखात, अंडाशयात, क्वचित थेट पोटात. एवढ्या थोड्यांसाठी सेनगाव-औंढ्याच्या बाईने सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफीला हिंगोली गाठावी का? गाठावी, निदान आधी सिझेरियन झालेलीने तरी. कारण उपचार जागेवर ठरतो. नलिका काढून टाकता येते, गर्भाशयमुख तसे नाही; तिथे अंदाजाने क्युरेटिंग केले तर रक्त आवरत नाही. लवकर कळले तर अनेकदा मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागते, किंवा व्रणातला गर्भ सोनोग्राफीत बघत सक्शनने काढता येतो. उशीर झाला की रक्ताच्या पिशव्यांची धावपळ, आणि कधी गर्भाशयच काढावे लागते. पोटातल्या गर्भाची वार आतड्याला चिकटली असेल तर बहुधा ती ओढत नाहीत, तिथेच सोडतात.

‘दुखणे गोळीने थांबले की’ म्हणणाऱ्यांसाठी नागपूरचे उदाहरण आहे. २०१४ मध्ये एन. के. पी. साळवे वैद्यकीय संस्थेत एका साठीच्या बाईच्या पोटातून ३६ वर्षांपूर्वीच्या गर्भाचा सांगाडा काढला. शस्त्रक्रियेच्या भीतीने ती तेव्हा गावी परतली होती, औषधाने दुखणेही थांबले होते. ती वाचली हे तिचे नशीब; व्रणात वाढणारा गर्भ सहसा इतकी सवड देत नाही.