वऱ्हाडात उतरण्याआधी काय ऐकावं

आयर्लंडला फिरायला निघालेली हौशी माणसं आधी महिनाभर तिथलं संगीत ऐकू लागतात. फिडल, टिन व्हिसल, बकऱ्याच्या कातड्याचा बाउरॉन, जिग आणि रील या नाचाच्या चाली. डब्लिनमध्ये एखाद्या संध्याकाळी कोपऱ्यात जमलेली मंडळी काय वाजवताहेत ते आपल्याला ओळखू यावं, एवढीच त्यांची इच्छा असते. ही पद्धत मला फार आवडते, आणि वऱ्हाडात येणाऱ्यांनीही ती उचलावी असं मनापासून वाटतं.

आमचं मूर्तिजापूर मुंबई-हावडा मार्गावर, अकोला आणि बडनेरा यांच्या मधे आहे. इथून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला शकुंतला नावाच्या गाडीची नॅरोगेज लाइन जाते. गेली काही वर्षं तिच्यावर गाडी धावत नाही, तरी ती बघायला अजून लोक येतात. गाणं ऐकायला म्हणून मात्र कोणी मूर्तिजापूरचं तिकीट काढत नाही. वास्तविक गाडगेबाबांचं बालपण ज्या दापुऱ्यात गेलं ते याच तालुक्यात, आणि तुकडोजी महाराजांचं मोझरी, सुरेश भटांची अमरावती, सत्यपाल महाराजांचं सिरसोली हे सगळं गाडीनं दोन-अडीच तासांच्या आत येतं. या साऱ्या गाण्यांत एक गोष्ट सारखी आहे. गाणारा जागा सोडतो आणि ती ऐकणाऱ्यानं भरायची असते. घरी बसून ऐकताना ती जागा नेमकी कुठे येते हे ओळखायला शिकलात, तर इथल्या मंडपात तुम्ही परके राहणार नाही.

सुरुवात तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनापासून करावी. लाकडी कडं, एका बाजूला ताणून बसवलेलं कातडं, कड्याच्या खाचांत पितळी झांजा, एवढंच ते वाद्य. बाउरॉन त्याच कुळातला, पण आकारानं बराच मोठा आणि लहानशा काठीनं वाजवायचा. खंजिरी एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवतात. धरलेल्या हाताची बोटं कातड्याला मागून दाबली की स्वर चढतो, सैल सोडली की घुमतो. मनगट हललं की झांजा बोलतात. म्हणजे एकाच माणसाच्या हातात ठेकाही आला आणि झणत्कारही आला.

आता यातली खरी गंमत ऐका. बहुतेक भजनी मंडळांत गाणारा एक आणि पखवाज वाजवणारा दुसरा असतो. खंजिरी भजनात म्होरक्या स्वतः गातो आणि स्वतःच वाजवतो, त्यामुळे लय पूर्णपणे त्याच्या ताब्यात असते. धृपद तो शांतपणे मांडतो, मागचे ते उचलतात. कडव्यात शब्द मोकळे सांगताना हात हलका होतो. कडवं संपत आलं की बोटं भरभर चालू लागतात, आणि धृपदावर परतताना खंजिरी जोरात उठते. ती उठली की समजायचं, आता आपली पाळी. तुकडोजी महाराजांच्या स्वतःच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं आहेत, ती शोधून ऐका. पहिल्यांदा अर्थाकडे लक्ष देऊ नका. फक्त हात ऐका, आणि धृपदाआधी खंजिरी कशी चढते ते पकडा. दुसऱ्या वेळी मागच्या मंडळींबरोबर म्हणा. शब्द कळण्याची घाई नको. मराठी आणि सोपी हिंदी, दोन्हींत त्यांनी रचना केल्या आहेत, त्यामुळे ते आपोआप कळत जातात.

तुकडोजींचा जन्म 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. 1935 मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. भजनातून ते गावसफाई, ग्रामोद्योग, जातिभेद, स्वातंत्र्य असं सगळं बोलत, आणि ते लोकांच्या इतकं मनात शिरत असे की 1942 मध्ये इंग्रज सरकारनं त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. 1955 साली ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, तेव्हाही खंजिरी बरोबर होती. आज विदर्भातल्या लहान लहान गावांतही त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं भजन असतं आणि खंजिरी भजनांच्या स्पर्धा भरतात. त्यातल्या बायकांच्या मंडळांचा जोर मला विशेष वाटतो. पुढची पायरी ऐकायची असेल तर अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज ऐका. सात खंजिऱ्या मांडून ते वाजवतात, म्हणून त्यांच्या नावाला सप्तखंजिरी जोडलेली आहे. व्यसन, हुंडा, अंधश्रद्धा यांवर ते अस्सल वऱ्हाडीत बोलतात, आणि बोलणं कुठे थांबलं व वादन कुठे सुरू झालं हे कळतही नाही.

एवढा कान तयार झाला की मग गाडगेबाबांकडे यावं. क्रम उलटा केला तर अडचण होते, कारण बाबांच्या कीर्तनात गाणं थोडं आणि बोलणं फार, त्यातही ध्वनिमुद्रण जुनं आणि खरखरीत. 1956 च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्यात पोलिसांपुढे त्यांनी केलेलं कीर्तन टेपवर उतरवून घेतलेलं आहे. त्याच वर्षी 20 डिसेंबरला अमरावतीकडे जाताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांचं निधन झालं. आयुष्यभर गावोगाव चाललेल्या त्या कीर्तनाचा इतका अखेरचा पुरावा आपल्या हाती आहे, हे आपलं भाग्यच.

नारदीय कीर्तनाला पूर्वरंग असतो, मग उत्तररंगात आख्यान असतं, बुवा पोशाख करून उभे राहतात. वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन त्याचं निरूपण चालतं, मागे टाळकरी असतात. बाबांच्या कीर्तनाची घडी वेगळीच. दिवसा त्यांनी ते गाव झाडलेलं असायचं. रात्री अंगावर चिंध्या तशाच, समोर तेच गावकरी. देवाच्या नावाच्या गजरानं सुरुवात, टाळ्यांचा ठेका, आणि सगळा समाज त्यात गुंतला की एकदम प्रश्न. साधा, हो किंवा नाही एवढंच उत्तर लागणारा. लोक उत्तर देतात. त्या उत्तरावर दुसरा प्रश्न, मग तिसरा. असं पाच-सहा उत्तरांनंतर लोकांनी स्वतःच कबूल केलेलं असतं की कर्ज काढून लग्न करणं वाईट, नवसाला बकरं कापणं वाईट, माणसाचा विटाळ मानणं वाईट, मुलाला शाळेत न घालणं सगळ्यांत वाईट. मग बाबा तुकोबांचा एखादा अभंग आधाराला आणतात, आणि बोलणं ताणलं जातंय असं वाटलं की पुन्हा गजर. गजर म्हणजे तिथे विसावाही आहे आणि शिक्कामोर्तबही. बाबा शाळा शिकलेले नव्हते, पण सभेला विचार करायला लावण्याची ही रीत मोठमोठ्या वक्त्यांना साधत नाही, असं माझं ठाम मत आहे.

हे ऐकताना पहिली दहा मिनिटं बोली कानाला अडेल. मला, तुला यांच्या जागी मले, तुले येईल. डोळ्याचा डोया होईल. का असं न विचारता काहून विचारतील. थांबू नका. प्रश्न विचारताना बाबांचा आवाज वर जातो आणि लोकांचं उत्तर एका दमात येतं, त्या चढउतारावरून धागा सापडतो. दृश्यरूपात काही हवं असेल तर राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला, डॉ. श्रीराम लागूंनी बाबांची भूमिका केलेला 1977 चा ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट पाहावा. पण मूळ आवाज ऐकल्यानंतर.

भजन-कीर्तनाबाहेरचं गाणं ऋतूप्रमाणे येतं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींच्या भुलाबाई. शंकर-पार्वतीची मातीची जोडमूर्ती मांडून घरोघरी फेर. गाण्यांत एका ओळीचा शेवट पुढच्या ओळीची सुरुवात होतो, त्यामुळे पाच वर्षांची पोरसुद्धा मागे पडत नाही. सासुरवाशिणीला माहेरी जायचं असतं आणि सासू अट घालते, तिच्या अटी संपत नाहीत. शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा, तोही प्रश्नोत्तरांनीच. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर होतो.

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या ऐकायला मिळतात. एक जण उंच आवाजात चार-सहा ओळी झडकन म्हणतो, त्यांत शेतकऱ्याची दैना, सावकार, पुढारी, पाऊस, काहीही येईल. शेवटी ‘हर हर महादेव’ची आरोळी सगळा गाव देतो. झडत्यांची ध्वनिमुद्रणं फार काही देत नाहीत. त्या तोरणाखालीच ऐकाव्यात.

गझलेचं काय, असं कोणी विचारील. सुरेश भट 1932 साली अमरावतीत जन्मले. मराठी गझलेची बाराखडीच त्यांनी लिहून नव्या कवींच्या हातात दिली. त्यांची भावगीतं आणि चित्रपटगीतं तुमच्या कानांवर आहेतच, म्हणून इथे मैफलीतली गझल ऐकावी. भीमराव पांचाळेही अमरावती जिल्ह्याचेच, आष्टगावचे. ते गातात तेव्हा शेराची पहिली ओळ पुन्हा पुन्हा येते, दर वेळी थोडी वेगळी. दुसरी ओळ राखून ठेवलेली असते. काफिया म्हणजे यमक, आणि त्यामागे प्रत्येक शेरात तोच येणारा शब्द म्हणजे रदीफ. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींत हे दोन्ही कळून चुकतात. त्यामुळे पुढच्या शेरात यमक आलं रे आलं की रदीफ श्रोतेच म्हणून टाकतात. खंजिरीच्या धृपदावर जे घडतं तेच इथे घडतं, फक्त बसलेल्या माणसांचे कपडे कडक इस्त्रीचे. प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, तेव्हा मागचा निसटला तरी पुढच्यावर दाद देता येते. गझल घरी ऐकताना पहिली ओळ संपली की यंत्र थांबवावं, दुसरी काय असेल याचा अंदाज करावा आणि मग पुढे जावं.

यायचं कधी हे तुमच्या आवडीवर आहे. खंजिरी हवी असेल तर अश्विन वद्यात मोझरीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते. ठिकठिकाणची भजनी मंडळं तेव्हा तिथे येतात, आणि एका दिवशी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखोंचा जमाव मौन श्रद्धांजली वाहतो. डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास अमरावतीत गाडगेनगरला बाबांच्या समाधीपाशी कीर्तनं चालतात. पौषातल्या रविवारी पूर्णेकाठी ऋणमोचनची यात्रा भरते. तिथला घाट आणि धर्मशाळा बाबांनी लोकांच्या श्रमातून उभी केलेली. मूर्तिजापुरात आलात तर त्यांचं गोरक्षण बघा, दापुऱ्याला जाऊन या. तिथली जुनी माणसं मामाच्या शेतात राबून रात्री भजनाला बसणाऱ्या डेबूजीबद्दल, म्हणजे लहानपणच्या गाडगेबाबांबद्दल, सांगतात. भजन असेल तर मागे खुर्ची शोधू नका. पुढे सतरंजीवर बसा, आणि धृपद आलं की म्हणा. कोणी तुमचा सूर तपासत नाही.