अस्सल म्हणजे कधीचं?

जपलेल्या वस्तू : भाग ९ – टॉमीगनचे मूळ भाग

मागच्या भागात आपण जुन्या हातघड्याळांच्या तबकड्या पाहिल्या. नव्यानं रंगवलेली तबकडी दिसायला छान, पण जाणकार ती पाहताच घड्याळ बाजूला सारतो, हे तिथं आलं होतं. या भागातली वस्तू घड्याळाइतकी निरुपद्रवी नाही. ती आहे थॉम्प्सन सबमशीनगन, अर्थात टॉमीगन. भारतात तिचा खासगी संग्रह करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्यानं स्वयंचलित बंदुका निषिद्ध शस्त्रांमध्ये घातल्या आहेत. त्यामुळे ही गोष्ट मुख्यतः अमेरिकेतल्या संग्राहकांची आहे. मात्र पुढे ती रायगड आणि नगर जिल्ह्यांतल्या दोन माणसांपर्यंतही पोचते.

उशिरा आलेली बंदूक

जॉन टी. थॉम्प्सन हे अमेरिकी सैन्याच्या शस्त्रास्त्र विभागातले अधिकारी. पहिल्या महायुद्धात खंदकात उतरलेल्या एकट्या शिपायाला तो खंदक मोकळा करता यावा, एवढी हलकी आणि एवढी वेगवान बंदूक त्यांना हवी होती. टॉमस रायन या धनाढ्य भांडवलदाराच्या पैशावर १९१६ मध्ये त्यांनी ऑटो-ऑर्डनन्स ही कंपनी काढली. बंदूक विक्रीला येईपर्यंत युद्धच संपलं. कंपनीकडे स्वतःचा कारखानाही नव्हता. मग हार्टफर्डच्या कोल्ट कंपनीला १५,००० बंदुकांचं काम दिलं गेलं आणि १९२१-२२ मध्ये त्या तयार झाल्या. अक्रोडाचे दस्ते रेमिंग्टनचे, नेम धरण्याची मागची साइट लायमनची, पोलादी काम कोल्टचं आणि नाव थॉम्प्सनचं. आज संग्राहक ज्या बंदुकीला सर्वांत शुद्ध मानतात, ती पहिल्या दिवसापासूनच चार घरची होती.

किंमत सुमारे २०० डॉलर. तेवढ्यात अर्धी मोटारगाडी यायची, म्हणून गिऱ्हाईक थोडं. टपाल खातं, काही पोलीस दलं, नौसैनिक आणि दारूबंदीच्या काळातल्या टोळ्या. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं गेलं, तेव्हा टॉमीगन जगभर कुप्रसिद्ध झाली. त्या हत्याकांडातल्या दोन बंदुका डिसेंबरात मिशिगनमध्ये फ्रेड बर्क नावाच्या गुंडाच्या घरी सापडल्या. कॅल्व्हिन गॉडर्ड यांनी गोळ्यांवरचे चरे सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून त्या ओळखल्या. मिशिगनमधल्या बेरिअन काउंटीच्या शेरीफ खात्यानं त्या पुढे जपून ठेवल्या. संग्रहाच्या दृष्टीनं यातला धडा असा, की बंदुकीची ओळख नळीच्या आतल्या चऱ्यांतही असते. नळी बदलली की ती ओळख गेली.

आठाखालचा एक

कोल्टच्या त्या १५,००० बंदुका खपायला जवळजवळ दोन दशकं लागली. मधल्या काळात गोदामात पडून असलेल्या मालातच फेरफार होत राहिले. १९२६ च्या सुमारास नळीच्या तोंडाशी कट्स कॉम्पेन्सेटर आला. गोळीबारात नळी वर उचलली जाते, तिला दाबून धरण्यासाठी वरच्या बाजूला खाचा असलेला हा तुकडा. नंतर अमेरिकी नौदलानं गोळीबाराचा वेग कमी हवा असं सांगितलं. १९२१ च्या मॉडेलचा वेग मिनिटाला ८०० गोळ्यांच्या वर जायचा. आतला सरकता भाग जड करून तो खाली आणला गेला. नव्या मॉडेलसाठी नवे रिसीव्हर, म्हणजे बंदुकीचे मुख्य सांगाडे, घडवण्याची गरजच नव्हती. जुन्यांवर कोरलेल्या १९२१ मधल्या शेवटच्या एकावर आठाचा ठसा मारला आणि १९२८ चं मॉडेल तयार झालं.

भिंगातून पाहिलं की आठाच्या पोटात तो एक अजून दिसतो. अनोळखी माणसाला ही खाडाखोड वाटेल, लबाडीची शंकाही येईल. पण ती कारखान्यातूनच झाली आहे. उलट ज्या नौदलाच्या म्हणवणाऱ्या बंदुकीवर आठ स्वच्छ आणि एकटा आहे, तिच्याकडे जाणकार संशयानं बघतो. अस्सल म्हणजे पहिलं, ही व्याख्या इथंच मोडीत निघते. १९२१ चा जड न केलेला भाग शोधून १९२८ च्या बंदुकीत बसवला, तर तो तुकडा जास्त जुना असेल, बंदूक मात्र कमी खरी होईल.

युद्धाची घाई

१९३९ मध्ये युरोपात पुन्हा युद्ध पेटलं आणि जी बंदूक कोणी विकत घेत नव्हतं, तिच्यासाठी रांग लागली. न्यूयॉर्क राज्यातल्या यूटिका इथं सॅव्हेज कंपनी आणि कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला ऑटो-ऑर्डनन्सचा स्वतःचा कारखाना, या दोन ठिकाणी मिळून युद्ध संपेपर्यंत पंधरा लाखांहून जास्त टॉमीगन बनल्या. सॅव्हेजच्या क्रमांकापुढे ‘एस’ आणि ब्रिजपोर्टच्या क्रमांकापुढे ‘ए.ओ.’ ही अक्षरं येतात. तपासनिसांच्या नावांची आद्याक्षरंही ठोकलेली असतात. ‘जी.ई.जी.’ म्हणजे जॉर्ज ई. गॉल, थॉम्प्सन यांचे सुरुवातीपासूनचे सहकारी. पोलादावरची ही तीन अक्षरं वाचता येणं हा या छंदाचा श्रीगणेशा.

घाईनं बंदूक सोपी होत गेली. आधीच्या नळीवर उष्णता सोडणाऱ्या कड्या कोरलेल्या असत, त्या गेल्या आणि नळी गुळगुळीत झाली. लायमनची जुळवता येणारी नाजूक साइट जाऊन तिथं पत्र्याचा काटकोनी तुकडा आला. १९४२ च्या एम-१ मॉडेलात कॉम्पेन्सेटर गेला, गोळ्यांचा गोल ड्रम बसण्याची सोय गेली, बंदूक सज्ज करण्यासाठी ओढायची वरची मूठ उजव्या बाजूला आली. आतला कांस्याचा ब्लिश लॉकही गेला. नौदल अधिकारी जॉन ब्लिश यांची कल्पना अशी होती की प्रचंड दाबाखाली दोन वेगळे धातू एकमेकांना घट्ट धरतात. याच तत्त्वावर थॉम्प्सन यांनी सगळी बंदूक उभी केली होती. तो तुकडा काढूनही ती बिनतक्रार चालते हे युद्धकाळात दिसून आलं. १९३९ मध्ये दोनशे डॉलरच्या घरात असलेली किंमत १९४४ पर्यंत पंचेचाळीसवर आली.

हे बदल एका ठरावीक तारखेला झाले नाहीत. पेटीत जुने सुटे भाग शिल्लक असतील तर ते आधी वापरले जात. त्यामुळे गुळगुळीत नळी आणि लायमन साइट एकाच बंदुकीवर कारखान्यातूनच येऊ शकते. नंतर लष्कराच्या दुरुस्ती आगारात शेकडो बंदुका एकदम उघडल्या जात, भाग धुतले जात आणि हाताला येतील तसे परत जुळवले जात. म्हणून खालच्या चौकटीवर एक क्रमांक आणि वरच्या रिसीव्हरवर दुसरा, हे दृश्य सर्रास दिसतं. कोल्टच्या बंदुकीत असं असेल तर तो मोठा दोष समजला जातो. युद्धातल्या बंदुकीत तो तिच्या नोकरीचा दाखला असतो.

सर्वांत महाग मूळ भाग

कोणता मूळ भाग मिळवणं सर्वांत कठीण, असं एखाद्या अमेरिकी संग्राहकाला विचारा. कोल्टची नळी किंवा शंभर गोळ्यांचा ड्रम असं उत्तर अपेक्षित असतं. प्रत्यक्षात तो भाग कागदाचा आहे.

१९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनं प्रत्येक मशीनगनची नोंदणी आणि हस्तांतरावर २०० डॉलर कर लावला, म्हणजे जवळपास बंदुकीच्या किमतीएवढाच. १९६८ मध्ये २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर अशी एक महिन्याची माफी जाहीर झाली. आजोबांनी युद्धावरून आणलेली, निकामी करून माळ्यावर ठेवलेली बंदूकसुद्धा त्या महिन्यात नोंदवता आली. ज्यांनी नोंदवली नाही, त्यांच्या वारसांच्या हातात आज बेकायदा लोखंड आहे. त्याच वर्षी खासगी लोकांसाठी परदेशी मशीनगनची आयात बंद झाली. १९ मे १९८६ नंतर नव्या मशीनगनची खासगी नोंदणीही थांबली. तेव्हापासून कायदेशीर खासगी टॉमीगनचा साठा वाढू शकत नाही, आणि म्हणूनच किंमत पाच आकडी डॉलरमध्ये बोलली जाते.

कागदातही जाती आहेत. सामान्य नागरिकाला हस्तांतरित होणारी बंदूक वेगळी आणि पोलीस खात्यानं ‘फॉर्म १०’ वर नोंदवलेली वेगळी. दोन्ही एकाच वर्षी, एकाच कारखान्यात बनलेल्या असल्या तरी दुसरी फक्त सरकारी हातातच राहू शकते. कायद्याच्या लेखी क्रमांक असलेला रिसीव्हर म्हणजेच बंदूक. नळी, दस्ता, मुठी, साइट हे नुसते सुटे भाग. युद्धकाळात सोव्हिएत संघाला लाखाहून अधिक टॉमीगन दिल्या गेल्या होत्या. त्यांतल्या अनेक अलीकडच्या काळात रिसीव्हर कापून सुट्या भागांच्या रूपात अमेरिकेत परतल्या. त्याआधी १९५१ मध्ये न्यूमरिच कंपनीनं ऑटो-ऑर्डनन्सचा उरलासुरला माल पेट्यांसकट विकत घेतला होता. आजच्या बाजारातले बरेच न वापरलेले मूळ भाग या दोन वाटांनी आलेले आहेत.

हात कुठं आखडायचा

दुरुस्ती करणाऱ्याची कसोटी इथं लागते. साठवणीच्या काळातलं घट्ट, तपकिरी ग्रीस मऊ करून काढणं, पुढे सरकणारा गंज तेलानं थांबवणं, तडकलेल्या दस्त्याला आतून आधार देणं, एवढ्यावर कोणाचा आक्षेप नसतो. भांडण सुरू होतं ते सँडपेपर हातात घेतल्यावर. अक्रोडाचं लाकूड घासलं की त्यावर ठोकलेले तपासणीचे शिक्के उथळ होतात आणि कडा गोल होतात. पोलाद पॉलिश केलं की अक्षरांच्या धारा जातात. कोल्टची निळी झिलई उडाली असेल तर उडालेली राहू द्यावी. कारण नव्यानं चढवलेल्या झिलईखाली जुन्या ओरखड्यांच्या मंद खुणा राहतात आणि त्या खुणा ‘हे नंतरचं काम’ असं ओरडून सांगतात.

सर्वांत जास्त चूक होते ती मदत करण्याच्या भरात. ब्रिटिश सैन्यात गेलेल्या टॉमीगनच्या पट्ट्याच्या कड्या त्यांच्या कवायतीला सोयीच्या जागी हलवल्या जात. मग दस्त्यावर जुन्या स्क्रूची भोकं उरत. हौशी मालक ती बुजवतो, कड्या अमेरिकी जागी परत लावतो आणि समाधानानं हात झटकतो. त्यानं ती बंदूक कारखान्याजवळ नेली, पण ती समुद्र ओलांडून गेली होती हा पुरावा कायमचा पुसला. तसंच युद्धाच्या उत्तरार्धात दस्ता फाटू नये म्हणून आडवा बोल्ट घालू लागले. आगारात तोच दस्ता आधीच्या बंदुकीला बसवला गेला असेल, तर तो काढून ‘बरोबर’ दस्ता शोधण्यात काय मिळवलं?

नळीनं धरलेली बंदूक

टॉमीगन भारतीय पलटणींच्या हातीही होती. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबर नदीच्या खोऱ्यात ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे एका मशीनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे पुढे धावले. ग्रेनेडनं मशीनगन गप्प केली, एकाला टॉमीगननं टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीनं उलटी धरली आणि तिच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. लगेच लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. बावीस वर्षांच्या या रायगडच्या शिपायाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतच सेनिओ नदीकाठी त्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव शत्रूच्या चौक्यांवर एकटे चालून गेले. हाताला जखम झाल्यानं टॉमीगन चालवता येईना, तेव्हा त्यांनी ती फेकून दिली आणि ग्रेनेड काढले. नगर जिल्ह्यातल्या निमजच्या या जवानालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो स्वीकारायला ते जिवंत होते.

या दोन बंदुकांना संग्राहकाचे नियम लावून पाहा. एकीचा दस्ता फुटला असेल तर तो बदलावा का? दुसरी चिखलात पडून खरवडली गेली असेल तर झिलई चढवावी का? उत्तर बहुतेक प्रत्येक वाचक चटकन देईल. अवघड आहे ते हेच उत्तर नाव नसलेल्या बंदुकीला देणं. तिच्यावरचा ओरखडा कोणत्या दिवशीचा आहे हे कोणी सांगू शकत नाही आणि नेमक्या याच कारणानं तो घासून काढायला हात शिवशिवतो. जानेवारी २०१२ मध्ये कॅन्सस सिटीतल्या लिलावात बॉनी आणि क्लाइड या कुख्यात अमेरिकी दरोडेखोर जोडीची म्हणून एक टॉमीगन १,३०,००० डॉलरला गेली. त्या बोलीत लाकूड-पोलादाची किंमत थोडी होती, बाकीची त्या दोन नावांची. नाव मागून चिकटवता येत नाही. खुणा मात्र एका दुपारच्या मेहनतीत नष्ट करता येतात.

म्हणून या क्षेत्रातली जुनी खोडं एक साधा क्रम पाळतात. आधी कागद, मग ठसे, मग भाग आणि सर्वांत शेवटी रूप. काढलेला प्रत्येक भाग, मग तो कितीही ‘चुकीचा’ असो, चिठ्ठी लावून बंदुकीबरोबर ठेवायचा. पुढच्या मालकाला आपला निर्णय उलटवता आला पाहिजे. जो बदल परत फिरवता येतो तो दुरुस्ती, जो येत नाही ती नवी बंदूक घडवणं. घड्याळाची तबकडी असो वा टॉमीगनचा दस्ता, ही रेषा बदलत नाही.

पुढच्या भागात : स्टेनगन. टॉमीगन महाग पडू लागली तेव्हा ब्रिटननं १९४१ मध्ये स्वस्त नळ्या-पत्र्यांतून घडवलेली बंदूक. तिला सुबकपणाच नव्हता, मग तिची डागडुजी कशाच्या मापानं करायची, ते पाहू.