शिकवणाऱ्यांचं शिक्षण : लेखांक ९
पावणेदोन भागिले अर्धा

एम.एड.चे प्रवेश आणि अभ्यासरजा यांवर आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. जिल्हा परिषद शाळेतल्या एका पदवीधर शिक्षिकेचं पत्र आलंय, आणि त्यातल्या प्रश्नाला आधी उत्तर द्यायला हवं. त्या बी.एस्सी., बी.एड. आहेत, सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतात. विचारतात, ‘पुढे एम.एस्सी. करू की एम.एड.? माझ्या सातवीला कशाचा उपयोग होईल?’

शेवटचं वाक्य मला फार आवडलं. पुढच्या शिक्षणाबद्दल विचारणारे बहुतेक जण वेतनश्रेणीपाशी थांबतात.

वर्गात कशाचा उपयोग होतो हे समजायला लिपिंग मा यांचं १९९९ सालचं पुस्तक मी प्रत्येक गणित शिक्षकाला सुचवतो. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना शांघायहून खेड्यात पाठवलं गेलं, तिथे त्या शाळेत शिकवू लागल्या. पुढे स्टॅनफर्डला पीएच.डी. केली. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ शिक्षकांची उत्तरं तपासली. गणित एवढंच : १ ३/४ ÷ १/२. सोडवा, आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा. चिनी शिक्षकांचं उत्तर झाडून सगळ्यांचं बरोबर आलं. अमेरिकेतल्या २१ जणांनी प्रयत्न केला, बरोबर आलं ९ जणांचं. आणि शालेय शिक्षणाची वर्षं मोजली तर चिनी शिक्षकच कमी शिकलेले होते!

आपल्याकडे उत्तर सहसा चुकत नाही. ‘उलटा करून गुणा’, साडेतीन. अडतं ते शाब्दिक उदाहरणापाशी. प्रशिक्षणवर्गात मी हे नेहमी विचारतो, आणि हमखास येतं ते असं : पावणेदोन भाकरी दोघांत निम्म्या-निम्म्या वाटल्या. हा तर दोनने भागाकार झाला. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरलं तर किती पिशव्या, हे बरोबर. पण ‘उलटा का करायचा?’ असं एखाद्या पोराने विचारलं, तर पिशव्या पुरत नाहीत. तिथे दुसरं उदाहरण लागतं : अर्ध्या एकराला पावणेदोन पोती खत लागलं, तर एकराला किती? पोरं लगेच दुप्पट करतात. अर्ध्याने भागणं म्हणजे दोनने गुणणं, हे शेतावर दिसलं की नियम पाठ करावा लागत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे, बाई. एम.एस्सी.त हा भागाकार कुणी पुन्हा उघडत नाही. एम.एड.मध्ये तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, संशोधनपद्धती शिकवतात; त्या हव्यातच, पण अपूर्णांकांपर्यंत गाडी क्वचित येते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा एम.ए. सुरू केला, तेव्हा एकलव्य, दिगंतर आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सोबत होतं. नोकरी सांभाळून करता यावा अशीच त्याची रचना होती. शालेय विषयाचा असा मुळापासून अभ्यास ज्या अभ्यासक्रमात असेल, तो आधी बघा. तसा नाही मिळाला, तर एम.एड. करा, मात्र प्रबंध आपल्याच सातवीवर, एकाच घटकावर घ्या. मार्गदर्शक ‘अभिवृत्तीचा तुलनात्मक अभ्यास’ सुचवतील, त्याला ठाम नकार द्या.

कुणा वाचकाने असा, आपल्या वर्गातल्या एखाद्या घटकावर प्रबंध केला असेल, तर त्याचा विषय मला जरूर कळवा. या बाईंच्या तो कामी येईल.