विहिरीवरचीं घरटीं

सौंदर्य पाहण्यासाठीं महाबळेश्वरच गांठलें पाहिजे असें नाहीं. विहिरीवर झुकलेली बाभूळही पुरते. गेल्या श्रावणांत माणदेशांतील अशाच एका विहिरीच्या कांठीं आम्ही सुगरणीचीं लोंबतीं घरटीं न्याहाळीत उभे होतों. नैर्ऋत्येच्या पावसाचा मारा चुकवून बहुतेक सारीं पूर्वेच्या फांद्यांवर बांधलेलीं! मेंढरें हांकीत जाणारा एक अपरिचित धनगर थांबला व म्हणाला, “आबा, ही कारागिरी बाईची न्हाई, गड्याची हाय!”

बोलणें अक्षरशः खरें. ‘सुगरण’ हें नांव स्त्रीलिंगी (वैयाकरणांनीं क्षमा करावी!), पण गवताचे धागे चोंचीनें विणतो तो पिवळ्या माथ्याचा नर. घरटें अर्धें झालें कीं मादी परीक्षेस येते. तिच्या पसंतीस उतरलें, तर तो आंत येण्याजाण्याची लांब नळी विणून काम पुरें करतो.

“आणि हीं?” आम्ही तीन-चार अर्धवट घरट्यांकडे बोट दाखविलें.

“नापसंत,” धनगर हंसला. “पर गडी रुसत न्हाई, दुसरं विणाया घेतो.”

आम्ही पुन्हा वर पाहूं लागलों. नांवगांव विचारावें म्हणून वळलों, तों तो मेंढरांमागें उताराआड दिसेनासा झाला होता.