कलाकृती की कारखान्यातील माल?

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत २०१२ सालापासून व्हेस्पा स्कूटर तयार होते. हिचा मूळ आराखडा कोराडिनो दास्कानियो या इटालियन अभियंत्याचा. पेटंटासाठीचा अर्ज १९४६ सालचा. ते पेटंट केव्हाच संपले. असे असता २०१७ साली तुरिनच्या न्यायालयाने निर्णय दिला की, व्हेस्पाचा आकार ही कलाकृती आहे आणि तिला कॉपीराइट लागू पडतो. दास्कानियो १९८१ साली वारले. तेथे हा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे चालतो; म्हणजे तो २०५१ अखेर संपेल!

आपल्याकडे हिशेब निराळा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे पंधरावे कलम सांगते की, डिझाइन म्हणून नोंदलेल्या आकृतीला कॉपीराइट उरत नाही. आणि नोंदणीयोग्य असूनही ती नोंदली नाही, तर मालकाने किंवा त्याच्या परवान्याने औद्योगिक रीतीने पन्नासांहून अधिक नग काढताच तो हक्क सरतो. चोरून केलेल्या नकला या पन्नासांत धरीत नाहीत, हे बरे! नोंदणी केली तर संरक्षण दहा वर्षे, वाढवून घेतल्यास आणखी पाच. चित्राला मात्र चित्रकाराच्या हयातीनंतरही साठ वर्षे.

समजा, इंदापूरच्या एखाद्या चित्रकाराने वेलबुट्टी रंगविली आणि बारामतीच्या वस्त्रोद्योग उद्यानातील कारखान्याने ती त्याच्या परवानगीने कापडावर छापली. एक्कावन्नाव्या नगाबरोबर कापडावरील नक्षीचा हक्क गेला. भिंतीवरच्या मूळ चित्राचा मात्र राहिला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली गादी-खुर्च्यांच्या कापडाच्या खटल्यात हाच भेद मानला. पुढे १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने द्रवरूप वायू वाहणाऱ्या ट्रेलरांच्या आराखड्यांवरून दुहेरी कसोटी घालून दिली: वस्तू निखळ कलाकृती आहे, की कलाकृतीवरून काढून उद्योगात वापरलेली आकृती? ती कॉपीराइटला पात्र ठरली नाही, तर तिच्यात उपयुक्तता प्रधान आहे की सौंदर्य, हे पाहावे.

यंत्राच्या सुट्या भागावर कोणाची तीन पिढ्यांची मिरासदारी नको, हे मला पटते. पण कापडाच्या नक्षीकाराला हीच मोजपट्टी जाचक वाटते. मोठ्या कारखान्याच्या पदरी वकील असतो; नक्षीकाराला पन्नासाचा आकडा माल विकून झाल्यावर कळतो. तेव्हा नोंदणीही बहुधा मिळत नाही, कारण आधी प्रसिद्ध झालेले डिझाइन नवे गणले जात नाही. अर्ज करावयाचा तो नमुना प्रदर्शनात किंवा दुकानात जाण्यापूर्वी.