मेमरी कुठली हवी, ते प्रोग्रामच सांगणार!

तुमच्या फोनमध्ये सगळ्या कोअर्सना रॅम साधारण सारखीच जवळ. पुण्यात आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ सुपरकॉम्प्युटरचं तसं नाही. तिथे एकेका मशीनमध्ये दोन प्रोसेसर, आणि प्रत्येकाची जवळची रॅम वेगळी. प्रोसेसर आणि त्याची रॅम मिळून एक नोड. दुसऱ्या नोडची रॅम वापरता येते, पण वेळ जास्त लागतो. राहायचं सिडकोत आणि पाणी भरायचं पंचवटीत, तसं!

म्हणून लिनक्समध्ये २००४ पासून ‘एमबाइंड’ हा सिस्टम कॉल आहे. मेमरीचा हा भाग याच नोडवर ठेव, असं प्रोग्राम कर्नलला सांगतो. खरी मेख पुढे: तो नोडच भरला तर? ‘बाइंड’ सांगितलं असेल, तर शेजारी रॅम मोकळी असूनही कर्नल प्रोग्राम मारून टाकू शकतो. ‘प्रिफर्ड’ सांगितलं, तर शेजारची घेतो. मला दुसराच बरा वाटतो. हळू चालेल, पण चालेल. आणि हो, आधीच भरलेली पेजेस आपोआप हलत नाहीत, त्यासाठी ‘मूव्ह’ फ्लॅग वेगळा द्यावा लागतो.