मिशनच्या शाळेतलं सहावीचं वेळापत्रक

मूल पाचवी झालं की जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या घरांत एक विषय निघतो. पोरगं इथेच ठेवायचं, की जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला मिशनच्या शाळेत घालायचं? शिस्त असते, इंग्रजी सुधारतं, हे जो तो सांगतो. पण सहावीत तिथे नेमकं शिकवतात काय, असं विचारलं तर कुणी म्हणतं बायबल शिकवतात, कुणी म्हणतं सगळं आपल्यापेक्षा पुढचं. दोन्हींत फारसं तथ्य नाही. शाळेचं वेळापत्रक समोर ठेवलं की ते कळतं.

आधी शाळा कुणाची ते पाहावं. नावात 'सेंट' असलेली प्रत्येक इंग्रजी शाळा ख्रिस्ती संस्थेची असतेच असं नाही. संविधानाच्या कलम ३०(१) ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. अशा शाळेकडे अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र असतं. ते मागायला संकोच करू नये.

पुस्तकं राज्याची

संस्था चर्चची असली तरी अभ्यासक्रम ज्या मंडळाची मान्यता असेल त्या मंडळाचा असतो. राज्य मंडळाची शाळा असेल तर दप्तरात बालभारतीचीच पुस्तकं: तीन भाषा, गणित, सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र, भूगोल. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाच्या हातात असतात तीच. माध्यम इंग्रजी असेल तर भाषा तेवढी बदलते. केंद्रीय मंडळाची शाळा असेल तर एनसीईआरटीची पुस्तकं येतात. सहावीची ही पुस्तकं २०२४ मध्ये बदलली: विज्ञानाचं 'क्युरिऑसिटी', गणिताचं 'गणित प्रकाश', इंग्रजीचं 'पूर्वी', हिंदीचं 'मल्हार'. राज्याची सहावीची पुस्तकं २०१६ ची; नव्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यानुसार तीही टप्प्याटप्प्याने बदलणार आहेत. म्हणून थोरल्या भावाचं जुनं पुस्तक धाकट्याला देण्याआधी आवृत्ती तपासावी.

मराठी कुठेच सुटत नाही. राज्याने २०२० मध्ये कायदा करून सगळ्या मंडळांच्या आणि माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, आणि २०२०-२१ ला सुरुवात झाली ती पहिली आणि सहावीपासूनच.

राज्य मंडळाच्या पुस्तकांत काय आहे ते जरा उघडून पाहू. गणितात पूर्णांक संख्या, अपूर्णांक, मसावि-लसावि, समीकरणं, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज. सोयाबीनच्या हंगामात बाप पट्टी घेऊन घरी येतो तेव्हा हमाली, तोलाई वजा जाता हातात काय उरलं, हे सहावीच्या पोराला मांडता यायला हवं, इतपत हे गणित आहे. भूगोलात अक्षवृत्तं-रेखावृत्तं येतात. मंठा १९ ते २० अंश उत्तर आणि ७६ ते ७७ अंश पूर्व या चौकटीत कुठेतरी आहे, हे मुलाने नकाशावर स्वतः शोधायचं असतं. खडकांच्या धड्यातला बेसॉल्ट तर पायाखालीच आहे, आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर याच खडकात उल्का आदळून झालेलं. क्षेत्रभेटीसाठी यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही.

नागरिकशास्त्राचा विषय आहे स्थानिक शासन: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, मग नगरपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका. मंठ्याच्या मुलाला यातलं बरंचसं चालत जाऊन पाहता येतं, कारण गावचा कारभार नगरपंचायतीकडे आणि भोवतालच्या खेड्यांचा पंचायत समितीकडे. नळाला पाणी आलं नाही तर अर्ज कुठे करायचा आणि चुलत्याच्या गावच्या शाळेचं पत्र्याचं छत गळत असेल तर कुणाकडे जायचं, ही दोन उत्तरं वेगळी का, हाच धडा.

इतिहास प्राचीन भारताचा: हडप्पा, महाजनपदं, मौर्य, मग दक्षिणेतली राज्यं. सातवाहनांच्या धड्यात आपलं पैठण येतं. धार्मिक प्रवाहांच्या धड्यात वैदिक परंपरेनंतर जैन आणि बौद्ध धर्म, लोकायत, आणि पुढे ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, पारशी धर्मांचीही ओळख आहे. म्हणजे ख्रिस्ती धर्म भारतात कधी आला हे मिशनच्या शाळेत न जाणारं मूलही शिकतं, आणि महावीर-बुद्ध मिशनच्या शाळेतलं मूलही शिकतं.

संस्थेचा तास

मग शाळा ख्रिस्ती आहे म्हणजे फरक कुठे? वेळापत्रकात तो दोन ठिकाणी दिसतो. एक परिपाठात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या हे इतरत्र असतं तसं. त्यात एखादी ख्रिस्ती प्रार्थना किंवा गीत असू शकतं. दुसरा मूल्यशिक्षणाच्या तासाला. रोजच्या आठ तासिका आणि शनिवारी अर्धा दिवस धरला तर आठवड्याला पंचेचाळीसच्या आसपास तासिका होतात. त्यातल्या एक-दोन या विषयाच्या.

अनेक शाळांत या तासाला वर्गाचे दोन गट होतात. ख्रिस्ती कुटुंबांतली मुलं धर्मशिक्षणाला बसतात: दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, येशूचे दाखले म्हणजे बोधकथा. बाकीच्यांना नीतिशिक्षण. नीतिशिक्षणातही एखादा दाखला गोष्ट म्हणून येतो. चांगल्या शोमरोन्याचा दाखला घ्या. वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेल्या माणसाला पाहून याजक पुढे जातो, लेवी पुढे जातो, आणि ज्याला यहुदी लोक हलका समजत तो शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसेही देतो. गोष्ट संपल्यावर बाईंचा प्रश्न असतो: यातला शेजारी कोण? सहावीच्या वर्गात यावर चांगला वाद होतो.

इथे पालकांच्या हातात कायदा आहे. कलम २८(३) म्हणतं की शासनमान्य किंवा शासनाचं अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण मुळातच देता येत नाही.

बारा वर्षांच्या मुलाचा धर्म कुणी ठरवायचा हा वाद आपल्याकडे जुना आहे, आणि त्याचा एक धागा थेट जालन्याला येतो. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय जेमतेम बारा, तोही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील कोर्टात गेले आणि मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. मग त्याला जातीत परत घ्यावं का, यावर शहरात मोठं वादळ उठलं. घ्यावं म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यातल्या जालन्याला आले आणि जवळच बेथेल हे ख्रिस्ती गाव त्यांनी वसवलं. श्रीपतच्या वेळी हा प्रश्न कोर्टाची पायरी चढून सुटला. आज तो प्रवेशाच्या वेळी एका लेखी अर्जात सुटायला हवा.

विचारायचं ते हे

त्या एक-दोन तासिकांची चौकशी करावीच. पण उरलेल्या चाळीसपेक्षा जास्त तासिकांची त्याहून जास्त करावी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन सांगितलं आहे. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना स्वतंत्र शिक्षक हवेत, असंही त्यात आहे. अल्पसंख्याक शाळांना मात्र हा कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी ठरवलं. त्या निकालाचा फेरविचार व्हावा, असं मत २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने मांडलं. तूर्त व्यवहारात अर्थ एवढाच की या कायद्यातल्या २५ टक्के मोफत प्रवेशाची आशा या शाळेत धरू नये, आणि विषयशिक्षकांची खात्री आपणच करून घ्यावी.

तेव्हा प्रवेशाला जाताना चार प्रश्न न्यावेत. मंडळ कोणतं? सहावीला गणित आणि विज्ञान कोण शिकवतं, त्यांचं शिक्षण काय? मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीत बसवण्यासाठी पहिल्या सत्रात वेगळा वेळ देतात का? आणि मूल्यशिक्षणाच्या तासाला माझं मूल कोणत्या गटात बसणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सहसा लगेच मिळतं. वर्ष कसं जाणार हे ठरतं ते मधल्या दोन उत्तरांवर.